समुद्राच्या पाण्यात बिस्फेनॉल-ए: बफरमध्ये स्वच्छ पीक, अलिबागच्या पाण्यात जेमतेम एक तृतीयांश

खारेपाणी_पुणे

नमस्कार मंडळी. किनाऱ्याच्या पाण्यातला बिस्फेनॉल-ए (प्लास्टिकमधून येणारा फिनॉल जातीचा पदार्थ) स्क्वेअर वेव्ह व्होल्टॅमेट्रीने (व्होल्टेज पायऱ्यापायऱ्यांनी चढवत करंट मोजून) मोजायचा प्रयत्न चालू आहे आणि एका जागी गाडी अडली आहे. मांडणी सगळी देतो, म्हणजे चूक कुठे आहे ते पकडता येईल.

स्क्रीन-प्रिंटेड कार्बनच्या पट्ट्या, मधल्या चकतीचा व्यास ४ मिमी, रेफरन्स (ज्याच्या तुलनेत व्होल्टेज धरतात तो इलेक्ट्रोड) पट्टीवरच छापलेला सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडचा. कार्बनवर डीएमएफ या सॉल्व्हंटमध्ये ढवळलेल्या कार्बन नॅनोट्यूब (१ मिग्रॅ प्रति मिली), ५ मायक्रोलिटरचा थेंब, दिव्याखाली वाळवलेला. १८० सेकंद ढवळत ठेवून साठवण (पदार्थ पट्टीवर जमू देणं), १० सेकंद शांत, मग ० ते +१.२ व्होल्ट स्कॅन. फ्रीक्वेन्सी ५० हर्ट्झ, ॲम्प्लिट्यूड २५ मिलिव्होल्ट, पायरी ४ मिलिव्होल्ट.

पीएच स्थिर ठेवणाऱ्या बफरमध्ये, म्हणजे ०.१ मोलर फॉस्फेट (पीएच ७.४) अधिक ०.१ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये +०.५२ व्होल्टला सुरेख पीक (करंटचा उंचवटा) येतो आणि ०.१ ते १० मायक्रोमोलर सरळ रेषा बसते. मग अलिबागहून आणलेलं पाणी घेतलं: ९ मिली पाणी, त्यात १ मिली १ मोलर फॉस्फेट, वरून १ मायक्रोमोलर बिस्फेनॉल-ए. पीक सरकून +०.५८ ला गेला आणि उंची जेमतेम एक तृतीयांश उरली. त्याच पट्टीवर तिसऱ्या स्कॅनला तो जवळजवळ दिसतच नाही. शिवाय +०.८५ च्या पुढे करंट भिंतीसारखा उभा चढतो. दहा मिनिटांनी पाणी किंचित दुधाळही दिसायला लागतं.

पट्ट्या खराब निघाल्यात, की पद्धतच समुद्राच्या पाण्याला चालत नाही?

आयन_पाषाण

पट्ट्यांना दोष देऊ नका. तुमच्या वर्णनातच चार वेगवेगळे बिघाड दिसतायत, आणि ते एकावर एक चढल्यामुळे गोंधळ झालाय.

दुधाळपणापासून सुरू करू. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम साधारण ५३ मिलिमोलर आणि कॅल्शियम १० मिलिमोलर असतं. त्यात तुम्ही ०.१ मोलर फॉस्फेट ओतता. कॅल्शियम-मॅग्नेशियम फॉस्फेटचा साका बसणारच. तो साका इलेक्ट्रोडवरही बसतो आणि जागा झाकतो. शिवाय फॉस्फेट असं बांधलं गेलं की प्रोटॉन सुटतात आणि पीएच खाली येतो. मिसळल्यावर पीएच मोजून बघा, ७.४ राहिलेला नसेल.

आता ६० मिलिव्होल्ट सरकण्याचा हिशोब. छापलेल्या रेफरन्सला स्वतःचा पोटॅशियम क्लोराइड नसतो, समोरच्या द्रावणातलं क्लोराइड हाच त्याचा आधार. ०.१ मोलर क्लोराइडमध्ये तो हायड्रोजन इलेक्ट्रोडच्या तुलनेत सुमारे ०.२८८ व्होल्टला बसतो. समुद्राच्या पाण्यात क्लोराइड ०.५५ मोलर, तुमच्या ९:१ मिश्रणात ०.५. म्हणजे रेफरन्स ३७-४० मिलिव्होल्टने खाली जातो आणि तुमचा पीक तेवढाच वर गेल्यासारखा दिसतो. उरलेले २० मिलिव्होल्ट पीएचचे. बिस्फेनॉल-ए चं ऑक्सिडीकरण दोन इलेक्ट्रॉन-दोन प्रोटॉनचं, दर पीएचला ५९ मिलिव्होल्ट, तेव्हा पीएच ०.३ ने घसरला असेल तर आकडा बरोबर जुळतो. म्हणजे पीक दुसऱ्या कशाचा नाही, बिस्फेनॉलचाच आहे, एवढं तरी निश्चिंत व्हा.

+०.८५ ची भिंत म्हणजे ब्रोमाइड. समुद्राच्या पाण्यात ते ०.८४ मिलिमोलर असतं, तुम्ही शोधताय त्या १ मायक्रोमोलरच्या आठशे पटींहून जास्त. तुमच्या कॅलिब्रेशनच्या द्रावणात ते नव्हतंच, म्हणून +१.२ पर्यंत जाऊनही काही बिघडलं नाही. खऱ्या पाण्यात मात्र तिथे ब्रोमीन तयार होतं, ते फिनॉलच्या कड्यावर लगेच चढतं आणि इलेक्ट्रोडजवळचा तुमचा पदार्थ ब्रोमोफिनॉल होऊन बसतो. स्कॅन +०.८ ला थांबवा. पुढे बघण्यासारखं काहीही नाही.

चौथी गोष्ट, तिसऱ्या स्कॅनला पीक गायब होणं. फिनॉल जातीचा कुठलाही पदार्थ कार्बनवर ऑक्सिडाइझ झाला की त्याचे रॅडिकल एकमेकांना जोडून पॉलिमरचा पातळ, न वाहणारा पापुद्रा बनवतात. हे बफरमध्येही होतंच. खऱ्या पाण्यात त्यात ह्युमिक द्रव्यं (कुजलेल्या जैव पदार्थातली) आणि शेवाळाचे स्राव मिसळतात. एक पट्टी, एक स्कॅन. दुसरा स्कॅन वहीत लिहूच नका.

बफर म्हणून ॲसिटेट घ्या, पीएच ५. मॅग्नेशियम-कॅल्शियमशी त्याचा साका होत नाही. आम्ल घातल्यावर बायकार्बोनेटमुळे कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे येतात, ते पट्टीवर चिकटतात, तेव्हा पाच मिनिटं ढवळून मग मोजा.

बोरेट_कोथरूड

निदान चोख आहे, पण ॲसिटेटशी मी सहमत नाही, आणि कारण तुमच्याच आकड्यांत आहे. पीएच ७.४ वरून ५ वर आलात की पीक २.४ गुणिले ५९, म्हणजे सुमारे १४० मिलिव्होल्ट वर जातो. +०.५२ चा +०.६६, त्यात क्लोराइडमुळे आणखी ४०. झाला +०.७०. स्क्वेअर वेव्हचा पीक पायथ्याशी दोन्ही बाजूंना शंभरेक मिलिव्होल्ट पसरतो, म्हणजे उजवा पाय थेट ब्रोमाइडच्या चढणीवर. बेसलाइन ओढायची कुठून? उंची कमी-जास्त दिसेल आणि ती चूक प्रत्येक नमुन्यात वेगळी असेल.

समुद्राच्या पाण्याचा नैसर्गिक पीएच ८.१ च्या आसपास असतो. तिथेच राहा. बोरिक ॲसिड आणि सोडियम हायड्रॉक्साइडचा ०.२ मोलर साठा पीएच ८.२ ला करून ९ मिलीत १ मिली घाला, म्हणजे शेवटी २० मिलिमोलर. पीक परत +०.५२ जवळ येईल आणि भिंतीपासून भरपूर लांब राहील. फक्त पीएच ९ च्या वर जाऊ देऊ नका. दहाच्या जवळ मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड खाली बसतं आणि बिस्फेनॉलही आयनरूपात जायला लागतो.

आणखी मीठ मात्र कशालाही घालू नका. ३५ क्षारतेच्या पाण्याची वाहकता २५ अंशांना सुमारे ५३ मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटर असते, सपोर्टिंग इलेक्ट्रोलाइट (करंट वाहून नेणारं मीठ) निसर्गानेच दिलाय.

नॅनोट्यूबबद्दल कुणी बोललं नाही. डीएमएफ ग्लासी कार्बनच्या घट्ट इलेक्ट्रोडवर चालतं, छापील पट्टीवर अजिबात नाही. चकतीभोवतीची इन्सुलेटिंग शाई त्यात मऊ पडते, कडेने विरघळून कार्बनवर पसरते आणि प्रत्येक पट्टीचं क्षेत्रफळ वेगळं होतं. भिंगाखाली बघा. चकतीची कड धारदार गोल न दिसता लाळ गळल्यासारखी पसरट दिसली तर हेच झालंय. त्याऐवजी कार्बोक्सिल केलेल्या नॅनोट्यूब पाण्यात घ्या. बाजारातलं ५ टक्के नॅफिऑन (एक पॉलिमर) पाण्याने ५० पट पातळ करा (०.१ टक्का), त्यात १ मिग्रॅ प्रति मिली ट्यूब, साध्या बाथ सोनिकेटरमध्ये ३० मिनिटं. ४ मायक्रोलिटरचा थेंब चकतीच्या मधोमध, झाकणाखाली सावकाश वाळू द्या. दिव्याखाली घाईने वाळवलं तर कडेला कॉफीच्या डागासारखं काळं कडं आणि मध्ये विरळ, अशी पट्टी होते. नॅफिऑनचा दुसरा फायदा खास समुद्रासाठी आहे. त्याचा भार ऋण, ह्युमिकचाही ऋण, म्हणून ते लांब राहतं. पीएच ८ ला बिस्फेनॉल-ए उदासीन असतो, तो आत शिरतो.

आणि ५० हर्ट्झ का ठेवलंत? आपल्या विजेची फ्रीक्वेन्सी तीच. ५० हर्ट्झला पुढची आणि मागची मोजणी एकमेकींपासून १० मिलिसेकंदांवर, म्हणजे विजेच्या अर्ध्या आवर्तनावर पडते आणि वजाबाकीत विजेची गुणगुण (नॉइज) दुप्पट होते. २५ हर्ट्झला दोन्ही मोजण्यांत २० मिलिसेकंद, पूर्ण आवर्तन, त्यामुळे वजाबाकीत ती बरीचशी पुसली जाते. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. सेलवर (मोजणीच्या भांड्यावर) स्टीलचा पिठाचा डबा उपडा घालून त्याला पोटेंशिओस्टॅटच्या (मोजणीच्या यंत्राच्या) ग्राउंडची वायर लावा. फॅराडे केज (बाहेरची गुणगुण अडवणारा धातूचा पिंजरा) म्हणून हा डबा उत्तम काम देतो. क्लिपखालची जागा मात्र पॉलिश पेपरने घासून घ्या, नाहीतर संपर्क नीट होत नाही.

आयन_पाषाण

मान्य. ब्रोमाइडच्या भिंतीचा विचार ॲसिटेट सुचवताना करायला हवा होता. बोरेटच घ्या.

एक भर: कॅलिब्रेशनसाठी कृत्रिम समुद्रजल करा, साधं मिठाचं पाणी नको. लिटरला सोडियम क्लोराइड २४.५३ ग्रॅम, स्फटिकी मॅग्नेशियम क्लोराइड (सहा पाण्याचं) ११.१, निर्जल सोडियम सल्फेट ४.०९, कॅल्शियम क्लोराइड (दोन पाण्याचं) १.५४, पोटॅशियम क्लोराइड ०.६९५, सोडियम बायकार्बोनेट ०.२०१, पोटॅशियम ब्रोमाइड ०.१०१. कॅल्शियम वेगळं विरघळवून सगळ्यात शेवटी, ढवळत ढवळत घाला. एकदा ब्रोमाइडशिवाय आणि एकदा ब्रोमाइडसह +१.२ पर्यंत स्कॅन करून दोन्ही आलेख एकावर एक ठेवा, म्हणजे भिंत कुणाची ते डोळ्यांनी दिसेल. त्या दोन पट्ट्या नंतर टाकून द्या.

खारेपाणी_पुणे

मनापासून आभार. मिश्रणाचा पीएच खरंच ७.० निघाला, आणि भिंगाखाली चकतीच्या कडा पसरलेल्या आहेत. बोरेट, २५ हर्ट्झ आणि +०.८ ची मर्यादा एवढं बदलल्यावर पीक +०.५३ ला आला, दुधाळपणा गेला. उंची मात्र कृत्रिम समुद्रजलाच्या तुलनेत अजून साधारण पाऊणच मिळते. आणि बिस्फेनॉल न घातलेल्या पाण्यात पीक दिसतच नाही. साठवण ६०० सेकंद करू का? शिवाय शोधमर्यादा (ओळखता येणारं सगळ्यात कमी प्रमाण) ३० नॅनोमोलर लिहिली तर चालेल का?

नमुनेदार

साठवण वाढवून हे सुटणार नाही. जितका वेळ पट्टी पाण्यात, तितका ह्युमिकचा थर जाड. ६०, १२०, १८०, ३०० सेकंदांना वेगवेगळ्या पट्ट्यांवर मोजून बघा. खऱ्या पाण्यात उंची एका वेळेनंतर सपाट होते आणि मग उतरते. सपाट व्हायच्या आधीची वेळ धरा.

पाऊण उंचीचा इलाज म्हणजे स्टँडर्ड ॲडिशन (नमुन्यातच माहीत असलेलं प्रमाण घालून मोजणं), पण एकाच पट्टीवर थेंब थेंब वाढवत नेऊन नाही. तसं केलं तर पट्टी मळत जाते, उतार खोटा कमी होतो, आणि उतार कमी झाला की अक्षावरचा छेद लांब जाऊन उत्तर वाढीव येतं. नमुन्याचे १०-१० मिलीचे चार भाग करा. त्यात ०, ०.१, ०.२ आणि ०.४ मायक्रोमोलर होईल इतका बिस्फेनॉल घाला आणि प्रत्येकाला तीन नव्या पट्ट्या वापरा. एका नमुन्याला बारा पट्ट्या लागतात, त्याला इलाज नाही. साठा: २२.८३ मिग्रॅ १० मिली मिथेनॉलमध्ये म्हणजे १० मिलिमोलर, तपकिरी काचेत ४ अंशांना. त्यातून ०.१ मिलिमोलर करा. त्याचे १० मायक्रोलिटर १० मिलीत घातले की ०.१ मायक्रोमोलर. मिथेनॉल अर्ध्या टक्क्याच्या आत राहू द्या.

एक लक्षात असू द्या: स्टँडर्ड ॲडिशन फक्त दाबलेला उतार सुधारतं. त्याच पोटेंशियलला दुसरा फिनॉल ऑक्सिडाइझ होत असेल तर त्याचा करंट बिस्फेनॉलच्या खात्यात जमा होतो. नोनिलफिनॉल आणि शेवाळातले पॉलिफिनॉल नेमके त्याच भागात येतात. म्हणून काही नमुने द्रव क्रोमॅटोग्राफीवर तपासल्याशिवाय आकड्याला 'बिस्फेनॉल-ए' म्हणू नका.

आता मर्यादेचं. १ नॅनोमोलर म्हणजे लिटरला ०.२२८ मायक्रोग्रॅम. तुमचे ३० नॅनोमोलर झाले जवळजवळ ७ मायक्रोग्रॅम. समुद्राच्या पाण्यात बिस्फेनॉल-ए बहुतेक वेळा लिटरला नॅनोग्रॅमच्या पट्टीत सापडतो. मूळ पाण्यात पीक दिसत नाही यात नवल नाही, तिथे थेट पट्टी बुडवून काही हाती लागणार नाही. आधी आटवून घ्यावं लागतं. शिवाय ३० हा आकडा एकाच पट्टीच्या दहा ब्लँक (बिस्फेनॉल नसलेल्या पाण्याच्या) स्कॅनवरून काढला असेल तर तो पुसा. दहा पट्ट्या, दहा ब्लँक, त्यांचं प्रमाण विचलन, गुणिले तीन, भागिले उतार. ब्लँकचं पाणीही खरंच हवं, ते कुठून मिळतं ते खाली येतंच.

आटवण्यासाठी सॉलिड फेज कार्ट्रिज (पाण्यातला पदार्थ धरून ठेवणारी भरलेली नळी) असं चालवा. २०० मिग्रॅचा एचएलबी जातीचा कार्ट्रिज. ५ मिली मिथेनॉल, मग ५ मिली शुद्ध पाणी, मधे कोरडा पडू न देता. मग ५०० मिली गाळलेला नमुना मिनिटाला ५ मिली वेगाने. शंभर मिनिटं लागतात, पंप वाढवून घाई केली तर पदार्थ निसटतो. इथे बहुतेक जण सवयीने पीएच ३ करतात. बिस्फेनॉल-ए साठी ते नको. त्याचा पीकेए (ज्या पीएचला निम्मा पदार्थ आयनरूपात जातो) ९.६ च्या वर असल्याने पीएच ८ ला तो उदासीनच असतो आणि तसाच धरला जातो. उलट आम्लात ह्युमिकचा भार उतरतो, तेही कार्ट्रिजला चिकटतं आणि शेवटच्या १ मिलीत पिवळट रंग घेऊन उतरतं. टिकवण्यासाठी आम्ल घातलं असेल तर चढवण्याआधी पीएच परत ७.५-८ वर आणा.

चढवून झालं की १० मिली शुद्ध पाण्याने मीठ धुवा, मग ५ मिली ५ टक्के मिथेनॉल. मीठ राहिलं तर मिथेनॉलमध्ये पांढरी पूड म्हणून येतं. अर्धा तास हवा ओढून सुकवा. ३ मिली मिथेनॉलने दोनदा उतरवा, ४० अंशांना नायट्रोजनच्या झोतात कोरडं करा. १०० मायक्रोलिटर मिथेनॉलने भांड्याच्या भिंती नीट भिजवून घ्या आणि वर ९०० मायक्रोलिटर बोरेट घातलेलं कृत्रिम समुद्रजल. ५०० पट आटलं. समुद्रजल का, तर आटवलेल्यात मीठ उरलेलं नसतं. साधं बोरेट घातलं तर वाहकता आणि रेफरन्स दोन्ही बदलतात. इथे मिथेनॉल १० टक्के होतं, तेव्हा कॅलिब्रेशनलाही १० टक्केच ठेवा.

आणि कार्ट्रिजखाली जमा झालेलं पाणी ओतून देऊ नका. त्यात त्याच जागेचं सगळं मीठ, तेच ब्रोमाइड, पाण्यात राहणारं बरंचसं ह्युमिक असतं, फक्त बिस्फेनॉल नसतो. यापेक्षा चांगला ब्लँक विकत मिळत नाही.

बोरेट_कोथरूड

नमुना गोळा करण्याबद्दल थोडं, कारण इतकं करून ब्लँकमध्येच बिस्फेनॉल निघाला तर सगळी मेहनत वाया.

काचेच्या तपकिरी बाटल्या, झाकणाला पीटीएफईचं (टेफ्लॉनचं) अस्तर. ग्लास फायबर गाळणी (०.७ मायक्रॉन) ४५० अंशांना चार तास भाजून घ्या. नायलॉनची गाळणी नको, ती फिनॉल धरून ठेवते आणि तुम्ही घातलेलाच पदार्थ कमी भरतो. पॉलिकार्बोनेट कुठेही नको: ऑफिसांत पाण्याचे २० लिटरचे कडक निळे जार येतात, ते बरेचदा त्याचेच असतात. त्यातलं पाणी बाटल्या विसळायलासुद्धा घेऊ नका.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे पावती. टोलची, पेट्रोल पंपाची, एटीएमची गुळगुळीत चिठ्ठी थर्मल कागदावर असते आणि अशा कागदात बिस्फेनॉल-ए किंवा त्याचा भाऊ बिस्फेनॉल-एस सुटा, न बांधलेला असतो. ती हाताळलेल्या बोटांनी झाकण उघडलं की नमुना गेला. किनाऱ्यावर पोहोचल्यावर हात साबणाने धुवा, नवे नायट्रिल हातमोजे घाला आणि त्या हातमोज्यांनी खिशात हात घालू नका. प्रत्येक फेरीला शुद्ध पाण्याने भरलेली एक बाटली सोबत न्या, तिथे उघडा, बंद करा, बाकीच्यांबरोबर परत आणा. तिच्यात पीक दिसला तर त्या दिवसाचे आकडे धरू नका.

थर्माकोलच्या खोक्यात बर्फ, घाट चढून पुण्यात येईपर्यंत ४ अंशांजवळ राहतं. कार्ट्रिजवर ४८ तासांत चढवा. जंतू मारायला मर्क्युरिक क्लोराइड घालू नका, पारा कार्बनवर बसू शकतो. सोडियम ॲझाइड तर आम्ल घातलेल्या बाटलीत कधीच नको, हायड्रॅझोइक ॲसिडचा विषारी वायू सुटतो. हे पुन्हा सांगतो, कारण दोन्ही बाटल्या एकाच कपाटात शेजारी असतात: ॲझाइड आणि आम्ल एकत्र नाही.

जून ते सप्टेंबरमध्ये नद्यांच्या पाण्याने किनाऱ्यावरची क्षारता बरीच उतरते. क्लोराइड निम्मं झालं तर छापील रेफरन्स सुमारे १८ मिलिव्होल्ट सरकतो. प्रत्येक बाटलीची वाहकता मोजून लिहून ठेवा. नाहीतर पट्टीचा फक्त कार्बन वापरा आणि बाहेरून डबल जंक्शनचा, ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडचा रेफरन्स बुडवा. लांबच्या मोजणीला हेच बरं, कारण पाण्यातलं ब्रोमाइड छापील क्लोराइडच्या थराची जागा हळूहळू घेतं आणि रेफरन्स तासागणिक खाली ओघळतो.

खारेपाणी_पुणे

सगळं टिपून घेतलं, कार्ट्रिजखालचं पाणीही आता साठवतो. शेवटचा प्रश्न: याच पट्ट्यांवर पायरीनसारखे बहुचक्री हायड्रोकार्बन किंवा नायट्रो संयुगं जमतील का?

आयन_पाषाण

पायरीन थेट समुद्राच्या पाण्यात नाही. त्याचं ऑक्सिडीकरण ब्रोमाइडच्या भिंतीपलीकडे पडतं. कार्ट्रिजने काढून, मीठ धुऊन, ॲसिटोनायट्राइलसारख्या ब्रोमाइड नसलेल्या माध्यमात नेलं तर शक्य आहे. पाण्यात तो फार थोडा विरघळतो आणि बाटलीच्या काचेलाच चिकटतो, तेव्हा रिकामी बाटलीसुद्धा सॉल्व्हंटने विसळून ते अर्कात मिळवावं लागतं.

नायट्रो संयुगं उलट्या दिशेने, क्षपणाने (इलेक्ट्रॉन घेऊन) दिसतात, साधारण -०.४ ते -०.८ व्होल्टमध्ये. तिथे ब्रोमाइडचा त्रास नाही, पण विरघळलेला ऑक्सिजन आडवा येतो: २५ अंशांना समुद्राच्या पाण्यात सुमारे ०.२ मिलिमोलर. नायट्रोजन दहा मिनिटं सोडा आणि मोजताना पृष्ठभागावर त्याचं पांघरूण ठेवा. नायट्रोजन आधी समुद्राच्या पाण्याच्याच एका बाटलीतून बुडबुडवून आणा, नाहीतर कोरडा वायू तुमचा नमुना आटवत राहतो. फार ऋण बाजूला, -१ च्या पलीकडे, जाऊ नका. ऑक्सिजन आणि पाण्याच्या क्षपणाने इलेक्ट्रोडजवळ पीएच चढतो आणि मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड-कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा पापुद्रा धरतो. नुसत्या डोळ्यांनीही दिसतो, चुन्याची बोटं लागल्यासारखा.